खेळांतील राजनगर आणि आपले कारंजे

मुलांच्या हाती मोबाईलचा पडदा आल्यापासून पालकांच्या तक्रारींच्या पोथीत एका नव्या अध्यायाची भर पडली आहे. मुलगा जेवावयास हाक मारली तरी उठत नाही, परीक्षा जवळ आली तरी त्याचे चित्त पुस्तकात लागत नाही, आणि विचारावे तर उत्तर मिळते की, ‘‘थांबा, मी सध्या राजधानीत आहे.’’ ही कोणती राजधानी, तिचा राजा कोण आणि आपल्या चिरंजीवांस तेथे काय काम, हे विचारण्याइतका धीर फारच थोड्या वडिलांस असतो. बहुतेक वडील उपकरण हिसकावून घेतात. खेळाच्या अतिरेकाने डोळे, झोप आणि अभ्यास या तिहींची हानी होते, याविषयी आमचे कोणाशीही दुमत नाही. परंतु ज्या गावात आपला पाल्य रोज तास-दीड तास राहून येतो, ते गाव कसे आहे हे एकवार तरी पाहावे, असे आम्हांस वाटते. ते गाव पाहिल्यावर आपल्या जिल्ह्यातील एका गावाची आठवण होते, आणि ही आठवण हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेऊन अद्भुत देशांत संचार करतो, त्या प्रकारच्या खेळांत एक स्थळ हटकून असते. एक किल्ला असतो, त्यात राजा असतो, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा तटाच्या आत एक गाव असते. जपानात 1986 साली प्रसिद्ध झालेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा या जातीच्या खेळांतील एक आद्य खेळ होय. त्याचा आरंभच राजाच्या सिंहासनासमोर होतो. राजा वीरास कामगिरी सांगतो, थोडे द्रव्य देतो. वीर बाहेर पडतो आणि जवळच्याच गावात जाऊन तरवार व ढाल खरेदी करतो. रानात राक्षसांशी झुंज देऊन थकला की धर्मशाळेत पैसे मोजून निजतो आणि सकाळी ताजातवाना होतो. या खेळातील एक योजना आम्हांस विशेष मार्मिक वाटली. खेळ अर्ध्यावर ठेवून उद्या पुढे चालू करावयाचा असेल, तर रानात कोठेही थांबून भागत नाही. वीराला पुन्हा राजाकडे जावे लागते. मूळच्या जपानी खेळात राजा त्याला वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे आणि दुसऱ्या दिवशी तो मंत्र अचूक लिहिला म्हणजे खेळ होता तेथून सुरू होई. अक्षर चुकले की सारे श्रम व्यर्थ! ज्या पिढीने कागदाच्या चिटोऱ्यावर ती वीस अक्षरे शुद्ध उतरवून घेतली, तिला शुद्धलेखनाचे महत्त्व कोणा गुरुजींनी वेगळे सांगावे लागले नसेल.

तात्पर्य, गाव हे त्या खेळाचे नाभिस्थान होय. संकट बाहेर, विश्रांती आत. धोका रानात, वार्ता बाजारात. वीर कितीही दूर गेला तरी पुन्हा येथेच येतो, आणि येताना त्याच्या मनात जी निश्चिंतता उत्पन्न होते ती निर्माण करण्याचे कौशल्य या खेळांच्या कर्त्यांस साधले आहे. मुले तेथे रमतात याचे अर्धे कारण तरी ही निश्चिंतता असावी. लढाईपेक्षा बाजारातून नुसते भटकणेच अधिक आवडते, असे एका विद्यार्थ्याने आम्हांस सांगितले, तेव्हा आम्हांस आनंदच झाला.

ही कल्पना जपानी लोकांनी हवेतून काढलेली नाही. त्यांच्या देशात ‘जोकामाची’, म्हणजे किल्ल्याखालचे गाव, ही संस्था सोळाव्या-सतराव्या शतकांत भरभराटीस आली. सरदाराने किल्ला बांधावा, आपले योद्धे त्याच्याभोवती वसवावेत, त्यांच्या पलीकडे व्यापारी व कारागीर यांस जागा द्यावी, लोहारांची आळी निराळी, रंगाऱ्यांची निराळी, आणि गावाच्या कडेला देवळांची रांग अशी त्यांची रचना असे. शत्रूस सरळ किल्ल्यापर्यंत दृष्टी पोहोचू नये म्हणून रस्ते मुद्दाम काटकोनात वळविलेले असत. हिमेजीचा किल्ला 1601 ते 1609 या काळात इकेदा तेरुमासा याने सध्याच्या भव्य रूपास आणला. तो आजही उभा असून 1993 पासून त्याची गणना जागतिक वारशात होते. जपानी मुलगा खेळात जे गाव पाहतो, त्याचा सांगाडा त्याने सहलीत डोळ्यांनी पाहिलेला असतो. आपल्या मुलाने मात्र खेळातील गाव पाहिलेले असते आणि आपल्या जिल्ह्यातील गाव पाहिलेले नसते. निदान त्या दृष्टीने तरी पाहिलेले नसते.

महाराष्ट्रास किल्ले नवीन नाहीत. डोंगरी किल्ल्याला माची असे, बालेकिल्ला असे, आणि पायथ्याशी पेठ असे. रायगडावर तर बाजारपेठ प्रत्यक्ष गडाच्या माथ्यावरच होती, आणि तिचे उंच जोते आजही पाहणाऱ्यास थक्क करितात. आमच्या वऱ्हाडात गाविलगड आणि नरनाळा हे डोंगरी किल्ले, बाळापूरचा नद्यांच्या संगमावरील भुईकोट, अचलपूरचा तट व दरवाजे असा मोठा परिवार आहे. परंतु वाशीम जिल्ह्याचा विद्यार्थी म्हणेल, ‘‘आमच्याकडे काय आहे?’’ हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर छापूनच टाकावे असे वाटते. वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म होय. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सर्वसेनाने ती स्थापिली, आणि त्याच कुळातील हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या प्रधानाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट 1939 साली याच वाशिमात सापडला. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लाविला आहे. ज्या गावी साहित्याचे लग्न लागले त्या गावची मुले निबंधात कमी गुण मिळवितात हा दैवदुर्विलास, परंतु तो विषय निराळा.

राजधानी म्हणून वाशीमचा मान मोठा आहे. तथापि खेळातील तटबंदीच्या गावाचे हुबेहूब प्रतिबिंब पाहावयाचे असेल तर कारंजे लाड येथेच गेले पाहिजे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे आमच्यापैकी अनेकांच्या तोंडी रोज येतात. ‘‘दारव्हा वेशीपाशी भेटू’’ असे म्हणताना आपण एका तटबंदीच्या शहराचा पत्ता सांगत आहोत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. वेशींच्या या नावांकडे किंचित लक्ष द्यावे. पोहा हे शेजारचे खेडे, मंगरूळ व दारव्हा ही नजीकची बाजारगावे, आणि चौथे नाव थेट दिल्लीचे! शेजारच्या खेड्यासाठी एक दार आणि हिंदुस्थानच्या राजधानीसाठी एक दार, अशी ज्या गावाची स्वतःविषयीची समजूत होती, ते गाव आपले आहे. कोणत्याही खेळाच्या कर्त्याने याहून अधिक अर्थपूर्ण नावे कल्पिलेली आम्हांस ठाऊक नाहीत.

आणि या वेशींच्या आत काय होते? सुगंधी द्रव्यांचा व कापडाचा व्यापार होता, सावकारांच्या पेढ्या होत्या, श्रीनृसिंह सरस्वती स्वामींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची ये-जा होती. करंज ऋषींची व्याधी ज्या तळ्यातील स्नानाने बरी झाली ते ऋषितलाव येथलेच, अशी आख्यायिका आहे. खेळांतील गावांत जखमी वीरास बरे करणारा जो झरा असतो, त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कस्तुरीची गोष्ट तर प्रत्येक कारंजेकरास पाठ असते. एक परदेशी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावात आला, इतका माल एकरकमी कोण घेणार म्हणून खिन्न झाला, तेव्हा हवेली बांधीत असलेल्या एका धनिकाने तो सर्व माल विकत घेऊन भिंतीच्या चुन्यात कालवून टाकिला, असे सांगतात. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या गावाने स्वतःविषयी अशी कथा रचिली, त्या गावी दूरदेशीचे उंट येत असले पाहिजेत आणि आपल्या श्रीमंतीचा त्यास अभिमानही असला पाहिजे, इतके त्यातून निश्चित कळते.

खेळातील गावात एखाद्या वृद्धाकडे प्राचीन ग्रंथ असतो आणि तो वाचल्यावाचून वीराचा मार्ग उघडत नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांतील हस्तलिखितांचे भांडार हा त्या कल्पनेचा मूर्तिमंत नमुना होय. शतकानुशतके जपलेल्या या पोथ्यांत अपभ्रंश भाषेतील, म्हणजे आपल्या मराठीच्या आधीच्या अवस्थेतील, कित्येक काव्ये होती. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यामुळे या भांडाराकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे 1931 मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ व 1933 मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी त्याच कवीचे ‘णायकुमारचरिउ’ संपादून छापविले. दहाव्या शतकातील कवीचे शब्द आज कोठल्याही ग्रंथालयात वाचता येतात, यामागे ज्यांनी हे बासन दर पावसाळ्यानंतर उन्हात धरिले त्या अनामिक लोकांचे श्रम आहेत. हे श्रम खेळात दाखवीत नाहीत. तेथील वृद्धाचा ग्रंथ नेहमी कोरडाच असतो. त्याला कसर लागत नाही.

येथूनच आमच्या मूळ मुद्द्यास आरंभ होतो. खेळातील गाव रमणीय खरे, परंतु ते केवळ येणाऱ्या वीरासाठी उभे असते. लोहार त्याची वाट पाहत ऐरणीशी तिष्ठत असतो, धर्मशाळेत त्याच्यासाठी खाट सदैव रिकामी असते, आणि रस्त्यावरचा इसम कितीही वेळा विचारले तरी तेच एक वाक्य न कंटाळता सांगतो. कित्येक आधुनिक खेळांनी हा दोष जाणून सुधारणा केली आहे. 2011 साली निघालेल्या ‘स्कायरिम’ या खेळातील व्हाइटरन नामक टेकडीवरच्या गावात दुकानदार रात्री दुकान बंद करून घरी जातो, आणि वीराला सकाळपर्यंत वाट पाहावी लागते. आम्हांस हे फार आवडले. ज्या मुलाला बंद दुकानापुढे उभे राहावे लागले, त्याला दुकानदारासही झोप लागते इतके तरी कळले! तरीही गावाचा कर कोण भरतो, पाणी कोण आणितो, रस्ते कोण झाडतो, तटाचा ढासळलेला दगड कोण बसवितो, हे प्रश्न बहुधा तेथे उद्भवतच नाहीत.

आणि गाव लुटले गेले तर? हा प्रश्न मात्र एका खेळाने धिटाईने विचारिला आहे. 1998 साली निघालेल्या ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ओकारिना ऑफ टाइम’ या खेळात नायक बालपणी किल्ल्याखालच्या बाजारात येतो. सूर्यास्त होताच खंदकावरचा पूल वर ओढला जातो. उजाडले की खाली येतो. आत कारंजे उडते, लोक नाचतात, दुकाने गजबजलेली असतात. पुढे नायक सात वर्षांच्या निद्रेतून जागा होऊन त्याच बाजारात परत येतो, तो पूल मोडलेला, घरे उद्ध्वस्त, आणि रस्त्यावर माणसांच्या जागी प्रेते हिंडताना दिसतात. उरलेली माणसे जवळच्या एका खेड्यात पळून गेलेली आढळतात. तेथून पुढे आपण कशासाठी लढत आहोत हे नायकास कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या कारंज्याच्या वाट्यासही असा दिवस आला होता. 1670 च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट व दिंडोरीची लढाई झाली, आणि वर्षअखेरीस मराठी फौज खानदेशमार्गे वऱ्हाडात उतरून कारंज्यावर आली. वऱ्हाड तेव्हा मोगलांच्या अंमलाखाली होता, आणि मराठे इतक्या दूर येतील अशी कोणाची कल्पना नव्हती. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार सोने, रुपे व उंची कापड मिळून एक कोटी रुपयांची लूट चार हजार बैल व गाढवे यांच्या पाठीवर लादून नेण्यात आली, गावातील धनवंतांना खंडणीसाठी बरोबर नेले, आणि सर्वांत मोठा सावकार तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला. आम्ही सर्व शिवरायांचे अभिमानी आहोत. मोगली सत्तेशी झुंजणाऱ्या स्वराज्याला द्रव्याची गरज होती आणि शत्रूच्या मुलखातील संपन्न पेठेवर चाल करणे हा त्या काळच्या युद्धनीतीचा भाग होता, हे आम्ही विद्यार्थ्यांस शिकवितो व शिकविले पाहिजे. पण शाळेतील इतिहासात आपण नेहमी घोड्यावर बसलेले असतो. कारंज्याच्या मुलाने एकदा तरी वेशीच्या आत उभे राहून, चार हजार जनावरांची ती रांग बाहेर जाताना पाहावी. दोन्ही ठिकाणी उभे राहिल्याने महाराजांविषयीचा आदर उणा होत नाही. इतिहास मात्र दुप्पट दिसतो. आणि एवढी लूट होऊनही गाव उठले नाही, पेठ पुन्हा भरली, पोथ्या राहिल्या, वेशींची नावे राहिली, हे त्या घोड्यावरून दिसले नसते.

आता बाजाराविषयी थोडे सांगावयाचे आहे, कारण आमच्या मते गावाची खरी परीक्षा तेथे होते. खेळ खेळणाऱ्या मुलांस एक नियम तोंडपाठ असतो. वीराने दुकानातून शंभर मोहरांना तरवार घेतली आणि दुसऱ्याच क्षणी त्याच दुकानदारास परत विकू म्हटले, तर पन्नासच मोहरा मिळतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये हा निम्म्या भावाचा नियम आहे आणि पुढील असंख्य खेळांनी तो उचलला आहे. खरेदी-विक्री करूनच कोणी श्रीमंत होऊ नये, यासाठी ती योजना असते. मुलांना यात काही वावगे वाटत नाही. परंतु ज्याच्या आजोबांनी कापसाची गाडी जुंपून रात्रभर प्रवास करून पहाटे कारंजे गाठले असेल, त्याने हा नियम ऐकून थोडे थबकावे. व्यापाऱ्याने पुकारलेला भाव मुकाट्याने घेणे हा त्या गाडीवानासाठी खेळ नव्हता. दलालाने रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवावा आणि माल ज्याचा त्यालाच तो कळू नये. मग हमाली, मापाई, दलाली, धर्मादाय, कडता अशा एकामागून एक वजावटी व्हाव्यात. आणि इतके होऊन तराजूवर विश्वास ठेवावा तर तोही दुसऱ्याचाच! परत गाडी भरून न्यावी म्हटले तर बैल थकलेले आणि घरी सावकाराचा निरोप आलेला.

या स्थितीस पहिला अटकाव करण्याचा मान कारंज्यास मिळाला, हे किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने 1886 साली कारंज्यास कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आजही त्याचा उल्लेख असतो. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांकडे गहाण होता, म्हणून हुकूम रेसिडेंटचा. पुढे 1897 साली वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, 1927 साली मुंबई प्रांताने तशा धर्तीचा कायदा केला, आणि 1928 साली शाही कृषी आयोगाने अशा बाजारांचा सर्व देशभर पुरस्कार केला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या या त्याच वंशातील. इंग्रज सरकारास शेतकऱ्याचा कळवळा आला होता असे कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांस निर्भेळ कापूस वाजवी दरात हवा होता, हे त्यामागील कारण सर्वश्रुत आहे. समित्यांवरही पुष्कळ काळ व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. तरीही वेशीतून आत येणाऱ्या परक्या माणसाच्या मालाचे वजन नियमाने व्हावे, हा विचार एकदा जमिनीत रुजला, आणि तो कोठे रुजला तर आपल्या कारंज्यात. आम्हांस कस्तुरीच्या हवेलीपेक्षा हा तराजू अधिक सुगंधी वाटतो.

आपल्या शाळेत पवित्र शास्त्राचे वाचन होते, म्हणून येथे नहेम्याचे स्मरण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. यरुशलेमेचा तट पडला होता, वेशी जळाल्या होत्या. नहेम्याने राजाज्ञा घेऊन तट बांधण्यास आरंभ केला आणि तो बावन्न दिवसांत पुरा केला. त्या ग्रंथाचा तिसरा अध्याय विद्यार्थी कंटाळून ओलांडतात, कारण त्यात नुसती नावे आहेत. आम्ही मात्र तो आवर्जून वाचावयास सांगतो. कोणी कोणता भाग बांधला याची ती यादी आहे. सोनार बांधीत होते, सुगंधी द्रव्ये करणारे बांधीत होते, शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह बांधीत होता, आणि पुष्कळांनी तर आपापल्या घरासमोरचाच तुकडा दुरुस्त केला. पण खरा मर्मभेदक अध्याय पाचवा. तट उभा राहत असतानाच आतील गरिबांनी आक्रोश केला की, धान्यासाठी आमची शेते व घरे गहाण पडली, आमची मुले दास झाली, आणि हे करणारे आमचेच भाऊबंद आहेत. नहेम्याने बांधकामाच्या त्या घाईतही सरदारांस बोलावून व्याज सोडावयास आणि शेते परत करावयास लाविली. बाहेरच्या शत्रूसाठी भिंत बांधावी आणि आत तराजू खोटा ठेवावा, हे त्याला मान्य नव्हते.

आता कोणी पालक म्हणतील की, हे सारे ठीक. पण मुलगा खेळतो तो काही यरुशलेमेचा विचार करण्यासाठी नव्हे. हे खरे आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, त्याला विचार करावयास लावण्याची संधी खेळातच आहे, ती आपण दवडू नये. उपकरण हिसकावून घेणाऱ्या पित्याने त्याऐवजी एखाद्या सायंकाळी शेजारी बसून विचारावे: ‘‘या गावात पाणी कोठून येते रे? तुझा हा लोहार मेला तर त्याचे काम कोण करील? तू ज्याला तलवार अर्ध्या किमतीत विकलीस त्याने ती पुढे केवढ्यास विकली?’’ मुलगा प्रथम हसेल. दुसऱ्या दिवशी तो या प्रश्नांची उत्तरे शोधू लागेल, कारण मुलांना आपल्या गावाविषयी कोणी गंभीरपणे विचारलेले आवडते, मग ते गाव पडद्यावरचे का असेना. ज्यांस हे खेळ सर्वस्वी निरर्थक वाटतात त्यांच्यासाठी आणखी एक दाखला देतो. 1995 साली निघालेला ‘सुइकोडेन’ हा खेळ ‘पाणथळीचे वीर’ अशा अर्थाच्या एका प्रख्यात चिनी कादंबरीच्या आधाराने रचिलेला आहे. त्यात नायकास सरोवरातील एक ओसाड किल्ला मिळतो. तेथे काहीच नसते. नायक देशभर हिंडून एकशे आठ माणसांची मने वळवितो. कोणी आचारी, कोणी लोहार, कोणी व्यापारी, आणि जसजशी माणसे येतात तसतसे त्या ओसाड भिंतींच्या आत गाव उभे राहते. आमच्या मते असल्या खेळांत हाच अधिक खरा, कारण येथे गाव वीरासाठी आयते मांडलेले नाही. प्रत्येक दुकानामागे एका माणसाचे येणे आहे. जपमाळेचे मणीही तितकेच असतात, हा योगायोग आमच्या आजीला फार आवडला असता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडे आमचे मागणे आहे ते याच धर्तीचे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा म्हणून तो तुमच्या वडिलांहूनही लहान आहे, आणि त्याच्या गावांची वर्णने अद्यापि नीट लिहिली जावयाची आहेत. तुम्ही खेळात नवीन गावी गेलात म्हणजे काय करिता? प्रत्येक दारात शिरता, भेटेल त्याच्याशी बोलता, एक कोपराही सोडीत नाही. हीच चिकाटी घेऊन कारंज्याच्या एका वेशीतून आत शिरा आणि दुसरीतून बाहेर पडा. वाटेत तांबट, कासार, अत्तरवाला, वैद्य, हमाल जो भेटेल त्याला विचारा की, तुमचे घराणे येथे कोठून व कधी आले. येथे लोक तेच एक वाक्य पुन्हा सांगणार नाहीत. कदाचित ‘‘आता गिऱ्हाईक आहे, मग ये’’ असे म्हणतील, तर मग जा. वेशीच्या दगडावर आपले नाव कोरण्याचा किंवा निवडणुकीचे कागद डकविण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांच्याशी वाद घालीत बसू नका. आपल्या वाट्याची भिंत तेवढी स्वच्छ राखा. ज्यांस कारंजे दूर पडते त्यांनी वाशिमात पद्मतीर्थापासून बालाजी मंदिरापर्यंत हेच करावे. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा येथल्या मुलांनी आपापल्या गावात करावे. तट नसेल तर गावाची शीव असेलच.

आणि या हिंडण्याचा नकाशा काढा. खेळात कोपऱ्यात दिसतो तसा, पण त्यात वीराची जागा दाखविण्याची आवश्यकता नाही. पाणी कोठून येते, बाजार कोणत्या वारी भरतो, तराजू कोठे आहे, आजारी माणूस कोणत्या वाटेने दवाखान्यात जातो, रात्री सर्वांत शेवटी कोणते दुकान बंद होते, हे त्यावर दाखवावे. चांगले नकाशे पुढील वर्षीच्या अंकात मराठी विभागात छापावेत, अशी विनंती आम्ही संपादकांस करीत आहोत. पेन्सिलीने काढलेले चालतील. वेशींची नावे मात्र शाईने लिहावीत.